भांडं रिकामं द्यायचं नसतं

आमच्या कॉलेजातल्या निम्म्या बायकांचे डबे सरांच्या घरी अडकलेले असायचे. लाडवांचे स्टीलचे डबे, लोणच्याची बरणी, भरल्या वांग्यांचं झाकणाचं पातेलं, एकीचा तर चकल्यांचा भलामोठा पत्र्याचा डबा. सर एकटे राहायचे आणि त्यांना खायला आवडायचं, म्हणून सणासुदीला कुणी ना कुणी काही ना काही द्यायचंच. दिलं की डबा गेला. दडपायचे वगैरे नाहीत हं! विचारलं की अगदी गंभीर चेहऱ्यानं सांगायचे, "काय घालायचं ते सुचलं की देतो."

आता भांडं रिकामं परत देत नाहीत, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. शेजारणीनं वाटीभर आमटी दिली तर वाटी धुवायची, पुसायची, चिमूटभर साखर टाकायची आणि देऊन यायचं. त्यात विचार करण्यासारखं काही नाही. हात आपोआप साखरेच्या डब्याकडे जातो. सरांचा जायचा नाही. सर विचार करत बसायचे. माझा दिवाळीचा डबा एकदा होळीला परत आला आणि त्यात काय, तर शिवणीच्या लाकडाचा चमचा. डब्यात तिरका ठेवला की बरोब्बर बसेल, झाकणही लागेल, एवढ्याच लांबीचा.

"डब्याचं माप घेतलं होतं," सर म्हणाले.

"चमचा सुंदर आहे सर, पण तोवर माझे लाडू मी कशात ठेवायचे?"

"दुसऱ्या डब्यात," सर म्हणाले. मी कपाळावर हात मारला!

आमचं कॉलेज नाशिकच्या गंगापूर रोडला, डिझाइन शिकवणारं. सर तिथल्या सुतारकामाच्या कार्यशाळेचे प्रमुख, आणि मी कार्यक्रम समन्वयक. म्हणजे काय, तर पाहुण्यांच्या गाड्या, मंडपवाला, शाली-श्रीफळं, आणि बॅनरवर प्रमुख पाहुण्यांचं नाव चुकलं की माझी मान. माझी खोली कार्यशाळेला लागून होती, त्यामुळे दिवसभर रंध्याचा आवाज आणि सरांची बोलणी ऐकण्यात माझ्या नोकरीची निम्मी वर्षं गेली.

उंच, किंचित वाकलेले, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, कानावर पेन्सिल. कार्यशाळेत चपला चालत नसत. डायरेक्टरांच्यासुद्धा नाहीत. कुणी पोरानं जोडात खिळा ठोकला की सर तो उपसून त्याच्या हातात ठेवायचे आणि म्हणायचे, "खिळा म्हणजे कबुली. आपल्याला जोड जमला नाही, ही चारचौघांत दिलेली कबुली." मुलं त्यांच्यामागे त्यांना 'बादलीवाले सर' म्हणायची, त्याला कारण त्यांचं ते लाकडी भांडं.

ते भांडं सर रोज स्कूटरला अडकवून आणायचे. फिकट लाकडाच्या उभ्या फळ्या एकाला एक लावून केलेलं, बाहेरून बांबूची दोन कडी, वर झाकण. कुठे खिळा नाही की काही नाही. जपानी लोक शिजलेला भात त्यात काढून ठेवतात. ओहित्सू म्हणतात त्याला. भाताची वाफ लाकूड पिऊन घेतं, त्यामुळे भात घामेजत नाही आणि कोरडाही पडत नाही. दुपारी सर कार्यशाळेत खाली बसायचे आणि त्यातला भात वरणाबरोबर जेवायचे. आम्हालाही घासभर द्यायचे. खोटं कशाला बोलू, माझ्या कुकरच्या भातापेक्षा तो चांगलाच लागायचा. मार्चनंतर हवा कोरडी पडली की भांड्याला ओलं फडकं गुंडाळलेलं असायचं. एकदा विचारलं, तर म्हणाले, "फळ्या वाळल्या की आक्रसतात. आक्रसल्या की कडं खाली घसरतं आणि सगळं उघडतं. रोज भात पडला की रोज पाणी मिळतं. वापरत राहिलं की काही होत नाही त्याला."

वापरा. हा त्यांचा मंत्र होता. शोकेस ह्या वस्तूवर तर त्यांचा उभा दावा.

एका दिवाळीला ते आमच्या घरी आले होते. आमच्या हॉलमध्ये तेव्हा काचेची शोकेस होती. तीत माझ्या लग्नातला सोनेरी कडेचा कपबशांचा सेट, दोन बाहुल्या, पितळी मोर आणि प्लॅस्टिकची फुलं. सरांनी फराळाच्या ताटाकडे बघितलंच नाही, शोकेससमोर जाऊन उभे राहिले.

"हे कप कधी वापरता?" त्यांनी आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना विचारलं.

आई मखमलाबादच्या. माहेरी फुलशेती, लहानपणापासून झेंडूची गाठोडी डोक्यावर घेऊन बाजार केलेली बाई. कुणाला भीत नाहीत. त्या म्हणाल्या, "पाव्हणं आलं का काढतो."

"मग मी कोण आलोय?"

मी तर जीभच चावली. आई उठल्या आणि किल्ली शोधायला लागल्या. किल्ली सापडेना. सापडली तर कुलूप गंजलेलं. शेवटी तेल सोडून उघडलं, कप विसळले, आणि माझ्या लग्नातल्या कपांतून पहिला चहा प्याले ते आमचे सर. ते गेल्यावर आई म्हणाल्या, "मानूस आगाव हाय. पर खरं बोलला." आणि त्या दिवसापासून आई रोजचा चहा त्याच कपातून घ्यायला लागल्या. दरवेळी सरांना काही ना काही पाठवायच्या, आणि डबा अडकला की मला म्हणायच्या, "आसू दे गं. इचार करत आसंल बिचारा."

त्या डब्यांवरूनच एकदा माझं सरांशी कडाक्याचं भांडण झालं. घरी पाहुणे यायचे होते, मोठा डबा हवा होता, आणि सरांचं आपलं तेच, सुचलं की देतो. मी चिडले. म्हटलं, "अहो सर, जगात एवढा विचार कुणी करत नाही! चिमूटभर साखर घालायची नि द्यायचं! एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलात?"

सर रंधा बाजूला ठेवून माझ्याकडे बघायला लागले. मला वाटलं, आता ओरडणार. तर म्हणाले, "मॅडम, बसा जरा. हे भांडं माझं नाही."

मी बसले. चपला बाहेर काढून.

तरुणपणी सर सातपूरच्या एका कारखान्यात होते. कारखान्याची जपानच्या कंपनीशी भागीदारी होती, म्हणून त्यांना यंत्रं शिकायला तिकडे धाडलं. छोटं गाव, बर्फ, भाषा येत नाही. सुट्टीच्या दिवशी करायचं काय? राहत्या खोलीच्या गल्लीत एक म्हातारा लाकडाच्या बादल्या आणि भाताची भांडी करायचा. सर त्याच्या दारात उभे राहून बघायचे. काही दिवसांनी म्हाताऱ्यानं आत यायची खूण केली, मग झाडू हातात दिला, आणि पुष्कळ दिवसांनी रंधा. इकडे परत यायची वेळ आली तेव्हा म्हाताऱ्याच्या बायकोनं निरोपाचा म्हणून लाल चवळीसारखे दाणे घातलेला भात करून पाठवला. ह्या भांड्यात.

"भात खाल्ला. भांडं घासलं," सर सांगत होते. "आणि आता रिकामं कसं परत द्यायचं? खोलीत होतं काय, तर चहाची पावडर, मीठ आणि बिस्किटांचा पुडा. त्या माणसाच्या हातच्या भांड्यात बिस्किटं घालू? म्हटलं, उद्या काहीतरी चांगलं आणू. दुसऱ्या दिवशी बर्फामुळे बाजार बंद. तिसऱ्या दिवशी कंपनीची गाडी पहाटेच दारात. भांडं हातात तसंच राहिलं."

"मग पोस्टानं पाठवायचं ना!"

"काय घालून?"

पस्तीसेक वर्षं हा माणूस त्या प्रश्नात अडकलेला होता. मध्ये म्हातारा गेला, मग म्हातारी गेली. सरांना ते कळलं तेव्हा ते दोन दिवस कॉलेजला आले नव्हते, आणि आम्हाला वाटलं होतं, ताप आला असेल. "लोकांना वाटतं मला भेट मिळालंय," सर म्हणाले. "भेट कसली? दुसऱ्याच्या घरचं भांडं आहे. एकदा त्या घरात भरून परत गेलं, की मी सुटलो." एवढं बोलून त्यांनी रंधा उचलला. मला माझा डबा काही त्या दिवशी मिळाला नाही, पण मी परत मागितलाही नाही.

आमच्या कॉलेजचा दर वर्षी डिझाइन फेस्टिव्हल असतो. डायरेक्टर मुंबईहून आलेले, वयानं आमच्याहून बरेच लहान, सतत कानाला फोन, पण माणूस वाईट नाही. एका वर्षी त्यांनी विषय काढला, जपानच्या जुन्या कारागिरीतून आजचं डिझाइन. मुलं खूश झाली. कागदी कंदील, बांबूचे दिवे, दारावरचे मधोमध चिरलेले पडदे, आणि चौकोनी कापडात वस्तू बांधायची जपानी पद्धत शिकवणारी कार्यशाळा. त्यासाठी मुलांनी घरोघरच्या जुन्या साड्या गोळा केल्या. आईंना मी हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "बोचकं बांधायला जपानची मानसं कशाला? माझ्याकडं पाठव समद्यांना."

सगळ्या वस्तू पांढऱ्या स्टँडवर, वरून दिवे, आणि प्रत्येकीसमोर पाटी: कृपया हात लावू नये. सर त्या पाट्यांकडे बघून धुसफुसायचे. "वापरायच्या वस्तूंचा उत्सव करायचा, आणि हात लावायचा नाही! देवळं काय कमी आहेत नाशकात?"

तरी ह्याच उत्सवासाठी सरांनी स्वतःहून त्या गावाला मेल पाठवली होती. म्हाताऱ्याचं दुकान तर कधीच बंद पडलेलं. पण नात होती, ती डिझायनर झालेली. ती यायला तयार झाली. तसं तिच्या तिकिटासाठी डायरेक्टरांनी सरांपुढे अट घातली: ते भांडं प्रदर्शनाच्या मधोमध, काचेच्या पेटीत ठेवायचं.

सर आठवडाभर नाही म्हणत होते. मग एक दिवस माझ्या खोलीत आले. "देतो म्हटलं मी. तीनच दिवस आहेत. तिसऱ्या दिवशी ती येणार, त्याच दिवशी तिच्या हातात देईन. पेटीत पाण्याची वाटी ठेवा मात्र."

"आणि काय घालणार?" मी विचारलं.

"भात. घोटीचा इंद्रायणी. गरम. जसं आलं होतं तसं जाईल." आणि मग हे पस्तीस वर्षांत आधी कसं सुचलं नाही, असा चेहरा करून ते निघून गेले. एवढा मोकळा चेहरा मी त्यांचा कधी बघितला नव्हता.

मार्चअखेरचे दिवस. बाहेर रखरख, हॉलमध्ये एसी, पेटीवर चार दिवे. वाटी मी माझ्या हातानं ठेवली होती. फोटोत दिसते म्हणून फोटो काढणाऱ्यानं ती पहिल्याच दिवशी काढून ठेवली, आणि गर्दीत कुणाच्या लक्षात आलं नाही. सर पाहुणीला आणायला मुंबईला गेलेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी हॉल उघडला आणि पेटीकडे धावले. वरचं कडं घसरून तळाशी पडलेलं, झाकण कलंडलेलं, आणि फळ्या सोललेल्या संत्र्यासारख्या उघडून चहूकडे पसरलेल्या. समोर पाटी, कृपया हात लावू नये.

मी सरांना फोन लावला. "कुठे आहात?"

"घोटी! तांदूळ घेतला. पाहुणीला भाताची शेतं दाखवतोय."

"आत्ता कसली शेतं, ढेकळं असतील नुसती."

"ढेकळंच दाखवतोय," सर हसत म्हणाले. इतके आनंदात होते हो!

"सर, भांडं उघडलं."

त्यांनी विचारलं, "फळी फुटली का एखादी?"

"नाही."

"पाण्याची वाटी?"

"नव्हती."

"बरं. कुणाला गोळा करू देऊ नका," म्हणाले आणि फोन ठेवला. ओरडले असते तर बरं वाटलं असतं मला.

ते आले तेव्हा हॉल भरलेला होता. पाहुणी चाळिशीची, बारीक केस, सैल काळे कपडे. प्लॅस्टिकचे दिवे करते म्हणे आणि ते मोठमोठ्या हॉटेलांत लागतात. सर तिच्याकडे न बघता सरळ पेटीपाशी गेले, काच उचलून बाजूला ठेवली, आणि फळ्या एकेक करून खाली जमिनीवर मांडल्या. मग स्वतः मांडी घालून बसले आणि मान खाली घातली. दुसऱ्याच्या घरचं भांडं, ते परत द्यायचा दिवस, आणि ते असं. मला तर तिथून पळून जावंसं वाटलं.

पाहुणी त्यांच्या शेजारी खाली बसली. तिनं गोल तळ उचलला, उलटा केला. मागे एक छोटा डागलेला शिक्का होता. त्याच्यावर तिनं अंगठा ठेवला. मग इंग्रजीत म्हणाली, म्हणून मलाही कळलं, "आजोबांचा शिक्का. आमच्या घरात त्यांचं एकही भांडं उरलेलं नाही. सगळी वापरून संपली."

"हे लावता येईल," सर म्हणाले. "तुम्ही फळ्या धरा."

"मला येत नाही," ती म्हणाली. "वडिलांनी दुकान बंद केलं. मी कधी शिकलेच नाही."

सरांनी तेव्हा पहिल्यांदा मान वर केली. मग त्यांनी तिला शिकवायला सुरुवात केली. आधी तळ मधे, मग फळ्या क्रमानं, बांबूची बारीक मेख ह्या भोकात, ती त्या भोकात. मोडकं जपानी, मोडकं इंग्रजी, आणि मधूनमधून रागावले की चक्क मराठी. "अहो, दाबू नका! लाकडाला समजतं!" ती हसून मान डोलवायची, जणू सगळं कळलं. पाच-सहा वेळा फळ्या कोसळल्या. मुलांनी भोवती कोंडाळं केलं. डायरेक्टर आले, त्यांनी फोन खिशात टाकला, ती पाटी उचलून उलटी ठेवली आणि खाली बसून एक बाजू धरली. चपला काढून हं!

कडं चढलं. हाउसकीपिंगचा निळा टब स्वच्छ घासून आणला, त्यात भांडं बुडवून ठेवलं. किती वेळ लागेल, असं पाहुणीनं विचारलं, तर सर म्हणाले, "लाकडाला विचारा." तिचं परतीचं विमान त्याच रात्री होतं, संध्याकाळी गाडी निघायची होती, आणि लाकूड काही घाई करेना.

आता ह्या सगळ्या धांदलीत कार्यशाळेतल्या शेगडीवर सरांनी घोटीचा तांदूळ चढवला होता, हे कुणाच्याच ध्यानात राहिलं नाही. करपल्याचा वास हॉलपर्यंत आला तेव्हा सर धावले. पातेल्यात कोळसा. गाडी दारात उभी. ड्रायव्हर म्हणत होता, कसारा घाटात ट्रॅफिक आहे, निघा. भांडं मात्र पाणी पिऊन घट्ट बसलेलं, पुसलेलं, सरांच्या हातात.

"मॅडम," सर म्हणाले, "रिकामं आहे हो."

पासष्टीला आलेला माणूस, पण आवाज गडबडीत देवळात चप्पल हरवलेल्या पोराचा असतो तसा. मी धावतच चहाच्या काउंटरवर गेले. चहावाला आवरत होता. कागदी पेल्यात मूठभर साखर घेतली, परत आले आणि सरांना न विचारता त्या भांड्यात ओतली.

"सर, आपल्या घरात असंच देतात. द्या आता."

सरांनी आत बघितलं. एवढ्या मोठ्या भांड्याच्या तळाशी एवढीशी साखर. मला वाटलं, नको म्हणणार. पण त्यांनी झाकण लावलं, पाहुणीसमोर कमरेत वाकले आणि दोन्ही हातांनी भांडं पुढे केलं. जपानीत काहीतरी म्हणाले. नंतर मी विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं, "म्हटलं, उशीर झाला. रिकामं द्यायचं नव्हतं."

तिनं झाकण उघडलं, साखर बघितली, आणि तोंडावर हात ठेवून हसायला लागली. हसता हसता डोळे पुसायला लागली. सर घाबरले. मग तिनं सावकाश सांगितलं. त्यांच्याकडेही भांडं रिकामं देत नाहीत. तिची आजी काडेपेटी घालायची. आणि ह्या भांड्याबद्दल कुणी विचारलं, की तो हिंदुस्थानी पोरगा भांडं घेऊन पळाला का, तर आजी शेवटपर्यंत म्हणायची, "पळालेला नाही. काय घालायचं ते शोधत असेल."

सर तिथंच पायरीवर बसले आणि रडले. गाडी गेली तरी बसलेले होते.

दुसऱ्या दिवशीपासून सर स्टीलच्या डब्यात भात आणायला लागले. झाकण उघडलं की आतून पाणी ठिबकायचं, आणि सर त्या थेंबांकडे बघत बसायचे. "सुटलात ना एकदाचे?" मी विचारलं. म्हणाले, "सुटलो. पण भात घामेजतो हो." आमचे डबे मात्र पूर्वीसारखेच अडकत राहिले. साखरेचा धडा त्यांनी अजिबात घेतला नाही.

पावसाळा संपता संपता जपानहून खोकं आलं. कस्टमवाल्यांनी उघडून पुन्हा चिकटवलेलं. आत तेच भांडं! एक फळी नवी, बाकीच्यांत उठून दिसणारी पांढरीफटक आणि किंचित वाकडी. ती पाहुणीनं स्वतः रंधून बसवली होती. गावातल्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे ती सुट्टीच्या दिवशी जायला लागली होती. भांड्यात एक काडेपेटी. काड्या विमानानं पाठवता येत नाहीत, म्हणून काडेपेटीत तिनं त्याच फळीची रंध्याखालून निघालेली कागदासारखी साल गुंडाळून ठेवली होती.

सर भांडं घेऊन माझ्या खोलीत आले. "मॅडम, गोत्यात आलो. आता हे परत द्यायला लागणार!" आणि इतके खूश, की विचारू नका. त्या दिवशी त्यांनी कार्यशाळेत सगळ्यांना भात वाढला. वाकड्या फळीवरून बोट फिरवत मुलांना म्हणाले, "बघा. खिळा नाही."

काय घालायचं ह्याचा विचार मग नव्यानं सुरू झाला. चिवडा? तेल सुटेल. बेदाणे? सगळेच देतात. मी साखरेचं नाव काढलं की म्हणायचे, "ती एकदा चालते."

त्या थंडीत सर गेले. झोपेतच गेले. आजारी नाही, काही नाही. आदल्याच आठवड्यात माझ्याकडून तिळाच्या लाडवांचा डबा घेऊन गेले होते.

सिन्नरहून पुतण्या आला. दिवसकार्य झाल्यावर त्यानं आम्हा बायकांना बोलावलं. ओट्यावर, खिडकीत, जमिनीवर डबेच डबे, सगळे लखलखीत घासलेले. "कुनाचा कोन्ता ते काय मला ठाव नाय," पुतण्या म्हणाला. "लय हायेत. तुमचे तुम्हीच वळखा."

आम्ही आपापले ओळखले. मी माझा उचलला, झाकण काढलं. आत काही नव्हतं. त्या घरातून माझा डबा रिकामा परत आल्याची ती पहिलीच वेळ. इतका वेळ धरून ठेवलेलं रडू मला तिथं फुटलं.

निघताना पुतण्यानं ओट्यावरचं लाकडी भांडं दाखवलं. "ह्ये तुमचं हाय का? शोकेसला झ्याक दिसंल."

"माझं नाही," मी म्हटलं. "पण द्या इकडे. परत द्यायचंय ते."

आता ते आमच्याकडे आहे. आईंनी पहिल्याच दिवशी त्यात भात काढला. रोज काढतात. दुपारी ओट्यावर ते उघडलं की घरभर लाकडाचा आणि भाताचा वास सुटतो, आणि वाकड्या फळीपाशी थोडी वाफ निसटते. शोकेस आम्ही काढून टाकली. जागा अडवत होती.

परवा जेवताना आईंनी विचारलं, "दुसऱ्याचं भांडं हाय म्हन्तीस, मग कधी देनार परत? घाल की चिमूटभर साखर."

मी म्हटलं, "देईन आई. काय घालायचं ते सुचलं की देते."